बद्द

गुरुवारी चार वाजता
शिवबसवनगरातल्या त्या अरुंद जिन्याखाली मी चपला काढते
तेव्हा हातात एकच कागद असतो.
मुनवळ्ळी बाईंनी बजावलंय, दुसरा आणलास तर तसंच परत जा.

पहिल्या वेळी चार पानं नेली होती.
उद्यमबागेतली सव्वीस वर्षं:
आधी स्टोअर्स, मग कॉस्टिंग, मग खरेदी,
भट्टीचं वीजबिल, दोन संप,
आणि मालक बदलले त्या वर्षीचा ताळेबंद,
जो मी रात्री दोनला जुळवला होता.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे तू केलंस. बरं.
आता सांग, तुझ्या डोळ्यांदेखत काय चुकलं
जे तुला आधी कळलं होतं?"

मी पंख्याकडे बघत बसले.
आमच्याकडे बाईला विचारतात, फाईल कुठे आहे.

घरी सासूबाई म्हणाल्या,
डायरेक्टर म्हणजे शिनेमातला काय गे?

पहिल्यांदा नाही झालं.
निपाणीची पतसंस्था, टेबलापलीकडे तिघं,
मी चाळीस मिनिटं बोलले.
त्यांनी घेतला चेअरमनच्या भाच्याला,
तो म्हणे दहाच मिनिटं बोलला.
गुरुवारी मी रडायच्या तयारीनं गेले.
बाईंनी चहा ओतला.
"आणि तू त्यांना काय विचारलंस?"

काहीच नाही.

"सुम्न कुंद्रू," म्हणाल्या,
आणि माझ्यासमोर स्वतःही गप्प बसल्या.
शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
चौथीला माझ्या तोंडून निघालं:

पंपाच्या कवचांचा एक लॉट होता.
कागदावर सगळं ठीक, सही झालेली.
मी जाता जाता एकावर किल्ल्यांचं जुडगं आपटलं,
आई बाजारात मडकं वाजवून घ्यायची तसं.
बद्द वाजलं.
मी सांगितलं. साहेब हसले. लॉट गेला.
बावीस दिवसांनी ट्रक भरून परत आला.

बाईंनी माझा कागद उलटा केला.
"मागच्या बाजूला हे लिही. पुढचं खोड.
तिथे तुला भट्टी पेटवायची नाही,
ती पेटवायला माणसं आहेत.
तुला वाजवून बघायचंय.
आणि हसले तर हसू देत."

मग चार महिने.
ताळेबंद शेवटच्या टिपेपासून वाचायचा,
आकडे नंतर, आधी बारीक अक्षर.
"मला कळलं नाही" हे मान खाली न घालता म्हणायचं.
जुन्या ओळखीच्यांना फोन करायचा,
खुर्ची मागायची नाही, नुसता चहा मागायचा.
उगाच "सॉरी" म्हटलं की स्टीलच्या डब्यात एक रुपया.
त्र्याऐंशी रुपये झाले.
बाईंनी त्याचं पेन आणून दिलं,
वरचे सतरा स्वतःचे घातले, आणि ते वहीत मांडूनही ठेवले.

मच्छ्याची कंपनी, हायड्रॉलिकचे सुटे भाग.
सात खुर्च्या, माझ्यापुढे पाटी: मिस्टर शालन हलगेकर.
इतिवृत्त इंग्रजीत, भांडण कानडीत,
विनोद मराठीत, तेही चहा आल्यावरच.

सहावा विषय पुढे सरकत होता.
मी म्हटलं, विक्री तेवढीच आहे,
मग गोदामातला माल दुप्पट कसा?

कुणाचा तरी चमचा बशीत थांबला.
चेअरमन हसले. "मॅडम, ते जरा टेक्निकल आहे."

सॉरी जिभेवर आलं होतं.
एक रुपया.
मी पेन बंद केलं, हात टेबलावर ठेवले
आणि सुम्न बसले.
खानापूर रोडवरून एक लॉरी गेली, मग दुसरी.

टेबलाच्या टोकाला, कागदांच्या ढिगामागे,
अकाउंट्सच्या पोरानं
हळूच मान वर केली.